कापडाखालचे शब्द

वाचकहो, पुढील पानांत मी एका स्त्रीच्या नावाची हकीकत सांगणार आहे. ते नाव जगाला दिसावे म्हणून आम्ही एक संकेतस्थळ उभारले. त्यावर ते नाव दिसेनासे कसे झाले, आणि ते दिसावे या घाईत मी त्याखाली कोणती घाण साचू दिली, हे सर्व येथे क्रमाने व काहीही न लपवता येईल. काही शब्द तेवढे मी लिहिणार नाही. ते एकदा माझ्या संमतीने लिहिले गेले आहेत, आणि तेवढे पुरे झाले.

प्रथम माझा परिचय देणे उचित होय. तलासरीच्या नाक्याजवळ झेरॉक्स काढण्याचे व ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे माझे दुकान आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीचे वर्ष अर्ध्यावर राहिले. वाचनाची आवड मात्र शाळेबरोबर सुटली नाही. जातीचे दाखले, सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरता भरता संगणकाशी ओळख झाली, आणि वाचनालयातून आणलेल्या एका जाड पुस्तकाच्या आधारे मी संकेतस्थळांची साधी पाने बांधायला शिकलो. साधी म्हणजे ज्यात जे लिहिले तेच दिसते, अशी. त्या काळी मला त्या साधेपणाची लाज वाटत असे.

माझी काकी काळी वरठा गंजाडच्या एका पाड्यात राहते. ती लग्नाचा चौक लिहिते. आम्हा वारल्यांत चौक काढला असे म्हणत नाहीत, लिहिला असे म्हणतात. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवासिणी तो लिहितात, मधोमध पालघट देवी असते, आणि कोणाचा हात कुठे फिरेल हे काकी ठरवते. चौक पुरा झाला की त्यावर कापड टाकतात. मग धवलेरी, म्हणजे आमची लग्न लावणारी बाई, गाणे म्हणते. तिचे गाणे संपेपर्यंत कापड सरकत नाही. देवीला उघडी पाहण्याची घाई आमच्या पाड्यात कोणी करीत नाही.

सन २०१७ च्या फाल्गुनात अशाच एका लग्नाला मयुरा मॅडम आल्या होत्या. त्या दूरच्या शहरातील एका संग्रहालयात काम करीत. कापड सरकल्यावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी काकीला विचारले की, आमच्याकडे नवे दालन होत आहे, त्याच्या एका भिंतीवर असा चौक लिहायला तुम्ही याल का.

"भिंत सारवलेली हाय का?" काकीने विचारले.

"सारवून घेऊ."

"आन् खाली नाव कोणाचं टाकाल?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. मला कळला. समुद्राकडच्या एका हॉटेलात काकीच्या हातचा एक चौक कापडावर टांगलेला आहे. त्याखाली पितळी पट्टीवर 'आदिवासी कला' एवढेच कोरलेले आहे. काकीला वाचता येत नाही, पण पट्टीवर तिचे नाव नाही एवढे तिला कोणीतरी सांगितले होते, आणि तेव्हापासून तो काटा तिच्या मनातून निघाला नव्हता.

"तुमचंच नाव," मॅडम म्हणाल्या. "पण निर्णय समितीचा आहे. दिवाळीनंतर बैठक होईल. ती मंडळी आधी नेटवर नाव शोधतात. तिथं तुमच्याविषयी काही वाचायला मिळालं, तर माझं काम सोपं होईल."

"तिथं हिचं काय असणार?" काकीची सून सुषमा हसून म्हणाली. "आमच्या रेशन कार्डावरपण नाव चुकलंय."

सगळे हसले. मी हसलो नाही. सर्वांसमक्ष मी सांगितले की दिवाळीच्या आत काकीचे नाव नेटवर असेल, आणि ही जबाबदारी माझी.

माझी साधी पाने या कामाला शोभणार नाहीत असे मला वाटले. म्हणून मी ऋषभकडे गेलो. डहाणू रोड स्टेशनच्या पलीकडे सरावलीत त्याचे ऑफिस होते. घरची चिकूची वाडी, शिक्षण इंजिनियरिंगचे, आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांची संकेतस्थळे बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या पानांवर लाटा हलत, चिकू झाडावरून गळत आणि अक्षरे धावत येऊन जागेवर बसत. हे सारे जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेले असते. पान आपल्या फोनवर पोचले की ती भाषा फोनकडूनच उरलेले काम करून घेते. पान जवळपास रिकामे येते आणि आपल्या डोळ्यांसमोर भरते.

ते पाहून माझ्या मनात एक कल्पना आली. ती माझी होती, ऋषभची नव्हती, हे मी येथे स्पष्ट नमूद करतो.

"पान उघडलं की फक्त कापड दिसलं पाहिजे," मी त्याला म्हणालो. "पांढरं कापड. पाहणाऱ्यानं त्याला बोट लावलं की जमना धवलेरीचं गाणं सुरू होईल. गाणं झालं की कापड सरकेल, आणि मग चौक, काकीचं नाव, तिची माहिती, सगळं येईल. त्याच्या आधी काही नाही. एक अक्षर नाही."

"चिमणभाई, एक नंबर," ऋषभ म्हणाला. "मुंबईच्या एजन्सीवाल्यांना पण असं सुचणार नाही."

मला फार अभिमान वाटला. शिकलेल्या माणसाने केलेली स्तुती माझ्यासारख्याला किती चढते हे मी त्या दिवशी अनुभवले. जमनाबाईंचे गाणे आम्ही त्यांच्या ओटीवर ध्वनिमुद्रित केले. कोंबड्या ओरडल्यामुळे तीनदा करावे लागले. श्रावणात पान तयार झाले. पाड्यातल्या बायका सुषमाच्या फोनभोवती जमल्या. काकीने कापडाला बोट लावले, गाणे सुरू झाले, आणि कापड सरकले तेव्हा जमनाबाई स्वतः पदर सावरून उभ्या राहिल्या.

"पोऱ्यानं रीत राखली," त्या म्हणाल्या.

भाद्रपदात मी दुकानातल्या संगणकावर शोधयंत्रात काकीचे नाव लिहिले. काही आले नाही. गावाचे नाव जोडले. तेव्हा तिसऱ्या पानाच्या तळाशी आमचा पत्ता दिसला, आणि जिथे काकीची माहिती असायला हवी होती तिथे पान भरेपर्यंत क्षणभर दिसणारे दोन शब्द होते: 'कृपया थांबा'.

मी तसाच सरावलीला गेलो. ऋषभने एक सोय उघडून दाखवली. पडद्याचे दोन भाग झाले. उजवीकडे माणसाला दिसणारे पान होते, ते कापड. डावीकडे शोधयंत्राला दिसणारे पान होते. त्यावर 'कृपया थांबा' एवढेच होते, बाकी कोरे.

"याला क्रॉलर म्हणतात," तो म्हणाला. "शोधयंत्राचा वाचणारा रोबो. हा पानापानांतून फिरतो, जे अक्षर दिसेल ते उचलतो आणि नेऊन वहीत टाकतो. आता तो जावास्क्रिप्ट थोडीफार चालवतो. पण तो बोट लावत नाही, भाई. गाणं ऐकत नाही. दारात येतो, आत काही दिसलं तर घेतो, नाही तर पुढच्या दारात जातो."

"म्हणजे आंधळाच म्हणायचा."

"आंधळा नाही. घाईत आहे."

मला त्या वाचकाचा मनस्वी तिटकारा आला. ज्याला थांबणे माहीत नाही, ज्याच्यासाठी ताटात वाढून घास तोंडाजवळ न्यावा लागतो, त्याच्या वहीत नाव असले तर माणूस आहे, नसले तर नाही. अशा वाचकापुढे माझ्या काकीने उभे राहायचे, ही गोष्टच मला ओंगळ वाटली.

"दोन मार्ग आहेत," ऋषभ म्हणाला. "कापड काढ. सगळी अक्षरं पानाबरोबर आधीच पाठवू, सर्व्हरवरूनच लिहून. क्रॉलर आला की वाचेल. सरळ काम. तू स्वतः करू शकतोस."

"कापड निघणार नाही. रीत आहे आमची."

"मग दुसरा. कापडाखाली मजकूर ठेवू. माणसाला दिसणार नाही, क्रॉलरला दिसेल."

"कोणता मजकूर?"

"तिचं नाव, गाव, चित्राचे शब्द. आणि बाकी जे लोक शोधतात ते. शब्द जास्त पाहिजेत, त्याशिवाय वर येणार नाही. ते माझ्यावर सोड."

मी सोडले. 'क्रॉलरला जे हवे ते घाल, पण कापडाला हात लावू नको,' हे माझे शब्द होते. काय घालणार हे मी विचारले नाही, आणि घातल्यावर उघडून पाहिले नाही. मला पाहता येत होते. पानाच्या मागची बाजू, म्हणजे ज्या मजकुरातून ते बनते तो, कशी उघडायची हे मला येत होते. रीत राखली या समाधानात मी होतो.

नवरात्रात आमचे पान वर आले. काकीचे नाव लिहिताच पहिल्या क्रमांकावर 'काळी वरठा, गंजाड, वारली चित्र' अशी ओळ दिसू लागली. ती ओळ मी छापली आणि दुकानाच्या काचेवर लावली. गिऱ्हाईक विचारत, ही कोण. मी सांगत असे. त्यावेळी मी किती फुगलो होतो हे आठवले की आज मला स्वतःचीच शिसारी येते.

पानावर संपर्कासाठी फोन नंबर होता. काकीच्या घरात एकच फोन होता, तो सुषमाचा. दसऱ्यानंतर मी पाड्यात गेलो, तेव्हा तो फोन मला घरात दिसला नाही. बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याच्या खुंटीला एक फडके गुंडाळून टांगलेले होते आणि त्यातून घुंघुं आवाज येत होता.

"हे काय?" मी सुषमाला विचारले.

"वाजूं दे."

"अगं, कोणाचा महत्त्वाचा फोन असला तर?"

"महत्त्वाचेच हाय सगळे." ती भात झोडायचे थांबली नाही. "काल सतरा आले. तूच उचल एकदा."

मी फडके सोडले आणि फोन कानाला लावला. पलीकडून एक पुरुष हिंदीत बोलला. त्याने किंमत विचारली. मला वाटले चित्राची. मी विचारले, केवढे हवे. त्यावर तो हसला आणि त्याने वय सांगितले.

मी फोन बंद केला. हाताला काहीतरी चिकटल्यासारखे झाले. मी तो हात धोतऱ्याच्या पानांवर पुसला आणि नंतर हौदावर जाऊन धुतला.

"तुझ्या कापडातून येतात हे," सुषमा म्हणाली. ती आता थांबली होती. "पहिल्याला वाटलं चुकून आला. दुसऱ्याला शिव्या दिल्या. तिसरा म्हणला, तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय. काय लिहिलंस रं तिथं?"

"मी नाही लिहिलं."

"मंग कोणी?"

मी तसाच तलासरीला परतलो. दुकानात आल्यावर पानाची मागची बाजू उघडली.

पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच रंगात शब्द लिहिलेले होते. सुरुवातीला काकीचे नाव होते. मग 'वारली', 'चित्र', 'गंजाड', 'डहाणू', एकेक शब्द चाळीस पन्नास वेळा, ओळीला ओळ चिकटून. आणि त्यांच्या खाली ते दुसरे शब्द. आमच्या जमातीचे नाव, त्याला जोडून मुलगी, त्याला जोडून जे जोडायचे ते. आमच्या बायकांच्या अंगाविषयी, नाचाविषयी, अंधारात काय चालते याविषयी. मराठीत, हिंदीत, गुजरातीत. गळालेला चिकू वरून शाबूत दिसतो, हातात घेतला की साल फाटते आणि आतून अळ्या वळवळतात. मला नेमके तसे झाले. सर्वांच्या वर जमनाबाईंचे गाणे होते, आणि त्या गाण्याखाली हे.

ते शब्द मी शेवटपर्यंत वाचले. मला ते वाचणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी ऋषभ वाडीत होता. चिकू निवडण्याचे काम चालले होते. नासके बाजूला ढिगात पडत होते आणि त्यांना आंबूस वास सुटला होता. त्याने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"हे शब्द तू लिहिलेस?"

त्याने फोनवर पाहिले. "मी लिहिले नाहीत. मी फक्त उचलले. शोधयंत्र स्वतःच सांगतं, एखाद्या शब्दाबरोबर लोक काय काय शोधतात. तुमच्या जातीचं नाव टाकलं की ही यादी येते. मी यादी चिकटवली."

"वाचलीस?"

"अरे, यादी आहे ती. वाचायची कशाला?"

"माझ्या काकीच्या नावाखाली?"

"चिमणभाई, राग मानू नको," तो म्हणाला. खरोखर समजावण्याच्या स्वरात म्हणाला, आणि हेच मला अधिक किळसवाणे वाटले. "तुझ्या काकीचं नाव कोण शोधतं? तू. अजून कोण? जे लोक शोधतात त्यांच्या वाटेवर बसल्याशिवाय पान वर येत नाही. तूच म्हणालास, क्रॉलरला जे हवं ते घाल."

"क्रॉलरला हे हवं होतं?"

"क्रॉलरला काही नको असतं. माणसांना हवं असतं. तो फक्त मोजतो."

तो खोटे बोलत नव्हता. मी त्याच्याकडून पानाचा पासवर्ड मागितला. तो त्याने लगेच दिला आणि जाताना एक पिशवी चिकूही दिले. ती पिशवी मी रस्त्यात एका बैलापुढे ठेवली.

त्याच दिवशी मी ते सर्व शब्द पुसले. पण काकीला सांगणे बाकी होते, आणि सुषमाला. ऋषभने केले असे सांगितले असते तर दोघींनी विश्वास ठेवला असता. ती सोय माझ्यासाठी अगदी तयार होती. तलासरीहून गंजाडला पोचेपर्यंत मी ती अनेकदा मनात उचलली आणि अनेकदा खाली ठेवली.

काकी खळ्यात पेंढा रचत होती. मी सर्व सांगितले. मी परवानगी दिली आणि पाहिले नाही, हेही सांगितले. कोणते शब्द होते ते तिने विचारले. मी खाली मान घालून सांगितले. तिने पेंढा खाली ठेवला.

"माझ्या नावाखाली?"

"हो."

"आन् वरती जमनाचं गाणं."

"हो, काकी."

मग तिने सुषमाला हाक मारली आणि पाणी मागितले. प्यायली नाही, चूळ भरून थुंकली.

"मना एक सांग," ती म्हणाली. "नाव तू कापडाखाली कशाला ठेवलं?"

"रीत आहे म्हणून."

"कोणाची?"

"आपली. गाणं होईपर्यंत काही दिसायचं नाही."

"चौक दिसायचा नाय," काकी म्हणाली. "देवी दिसायची नाय. तू लग्नात जेवायलाच येशी का? जमना गाण्याच्या आधी काय करते?"

मी आठवू लागलो. सुषमा दारातून म्हणाली, "नावं घेते. नवऱ्याचं घर, नवरीचं घर, चौक लिहिणाऱ्या सवासिणी. सगळ्यांची. मोठ्यानं."

"समद्यांना ऐकू जाईल असं," काकी म्हणाली. "ज्यांनी लिहिला त्यांचं नाव आधी, कापड नंतर. मी काय देवी हाय, मना झाकायला?"

वाचकहो, ऋषभने मला पहिला मार्ग सांगितला होता तो याहून वेगळा नव्हता. फरक एवढाच की तो रीत मोडून करायचा आहे असे मी समजत होतो, आणि रीतच तशी होती. शेकडो लग्ने मी पाहिली. त्यांतले कापड तेवढे लक्षात ठेवले, कारण ते दिसायला सुंदर होते. नावे घेतली जात तेव्हा मी मांडवाबाहेर मित्रांशी गप्पा मारीत असे.

मी नवे पान स्वतः बांधले. पुस्तकातून शिकलो होतो तसे, साधे. काकीचे नाव, तिच्याबरोबर हात लावणाऱ्या सवासिणींची नावे, गाव, ती कधीपासून चौक लिहिते आणि कोणाकडून शिकली, हे सर्व पानाबरोबर आधीच लिहिलेले जाते. फोनला काही जुळवावे लागत नाही, बोट लावावे लागत नाही. क्रॉलर कितीही घाईत असला तरी दारातच नाव ऐकतो. त्याखाली चौक आहे आणि चौकावर कापड आहे. ज्याला चौक पाहायचा त्याने गाणे ऐकावे. जावास्क्रिप्ट एवढ्याच जागी उरली. प्रत्येक सवासिणीला तिचा स्वतंत्र पत्ता असलेले पान दिले. पाठवण्यापूर्वी मी मागची बाजू उघडून सुषमाला मोठ्याने वाचून दाखवली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, चिन्हांसकट.

"हे वाकडे कंस पण वाचणार काय?" ती म्हणाली.

"हो."

"वाच मंग. मी बसलेय."

पण शोधयंत्राच्या वहीतून जुने पान निघेना. मी शब्द पुसले होते, वहीत ते तसेच होते. क्रॉलर पुन्हा कधी येईल हे त्याच्या मर्जीवर. पुन्हा यावे म्हणून विनंती करण्याची सोय असते, ती मी वापरली. रोज सकाळी दुकान उघडल्यावर, अगरबत्ती लावण्याआधी, मला ते घाणेरडे शब्द स्वतःच्या हाताने शोधयंत्रात लिहून पाहावे लागत, आमचा पत्ता अजून त्यांच्यात येतो की नाही हे तपासण्यासाठी. येत असे. या शब्दांनी आणखी काय काय येते तेही मला दिसत असे. हजारो पाने, आमच्याच जमातीच्या नावाखाली. ती कोणी बनवली, कोण पाहतो, मला ठाऊक नाही. आमचे एक पान त्यांतून काढून घेण्याइतकीच माझी ताकद होती.

मार्गशीर्षात मयुरा मॅडमचा फोन माझ्या दुकानावर आला.

"बैठक झाली," त्या म्हणाल्या. "एका सदस्यांनी आपल्या मोबाइलवर तुमच्या पानाची ओळ सर्वांना दाखवली. त्यांनी काकींचं नाव शोधलं नव्हतं, जमातीचं नाव शोधलं होतं. काय आलं ते मी सांगू शकत नाही."

"मला ठाऊक आहे."

"ते पान कोणाचं? मी समितीला काय सांगू? कोणी बाहेरच्या माणसानं घुसून केलं का? तसं होतं, चिमणराव."

दुसऱ्यांदा ती सोय माझ्यापुढे आली, आणि या वेळी शहरातल्या बाईंनी ती स्वतः हातात ठेवली होती.

"पान माझं होतं," मी म्हणालो. "मीच परवानगी दिली. काकीला काही माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही. समितीला हे माझं नाव घालून सांगा."

"या वर्षीची भिंत दुसऱ्यांना दिली आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी काकीला सांगितले. तिने भिंतीविषयी काहीही विचारले नाही. "आमचा नंबर काढ तिथून," एवढेच ती म्हणाली. "तुझा टाक."

मी टाकला. तेव्हापासून ते फोन मला येतात. जुना नंबर ज्यांनी उतरवून घेतला होता ते अजून सुषमाला छळतात, आणि बाकीचे जुन्या शब्दांची नक्कल केलेल्या कुठल्या तरी पानावरून आमच्या पत्त्यावर पोचून मला फोन करतात. मी प्रत्येक फोन घेतो. गिऱ्हाईक समोर असले तरी घेतो. "बोला, मी चिमण वरठा," असे म्हणतो. पुरुषाचा आवाज ऐकून बहुतेक जण ठेवून देतात. जे ठेवत नाहीत त्यांचे मी पूर्ण ऐकून घेतो, मग त्यांचे नाव विचारतो. नाव आजवर एकानेही सांगितले नाही.

माघात एका सकाळी ते घाणेरडे शब्द लिहिले, तेव्हा आमचा पत्ता आला नाही. दुसऱ्या पानावर पाहिले, दहाव्यावर पाहिले. नव्हता. मग काकीचे नाव लिहिले. ओळ आली: 'काळी वरठा, गंजाड. लग्नाचा चौक लिहिणारी सवासीण. तिच्याबरोबर लिहिणाऱ्या...' आणि जागा संपल्यामुळे पुढे टिंबे. मी ती ओळ छापली नाही आणि काचेवर लावली नाही. पाड्यात जाऊन वाचून दाखवली.

"टिंबं कशाला?" काकीने विचारले.

"तेवढीच जागा देतात."

"बाकीच्या बायकांची नावं?"

"पान उघडलं की सगळी आहेत."

"बरं," ती म्हणाली आणि कुंचल्यासाठी बांबूची काडी ठेचू लागली. सरावलीत एक लग्न होते, त्याचा चौक दुसऱ्या दिवशी लिहायचा होता.

चैत्रात दुपारी दुकानात गर्दी असताना एक अनोळखी नंबर वाजला. त्या दिवशी तो चौथा होता. मी उचलला आणि फार कडक आवाजात म्हणालो, "बोला. मी चिमण वरठा. आधी नाव सांगा."

पलीकडून एक बाई म्हणाली, "मयुरा."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. त्यांनी सांगितले की हा त्यांचा घरचा नंबर आहे. त्यांनी स्वतः काकीचे नाव शोधले होते, मग जमातीचे शोधले, मग ते दुसरे शब्दही लिहून पाहिले, आणि आमचे पान फक्त पहिल्या दोन शोधांत आले. दालनाची एक भिंत अजून उरली आहे. समितीपुढे त्या पुन्हा ठेवतील. होईलच असे नाही. पुढच्या मार्गशीर्षात काकी मोकळी असेल का, हे मी विचारून सांगावे.

"खाली नाव?" मी विचारले.

"आधी नाव," त्या म्हणाल्या. "तुमच्या पानावर आहे तसंच. सगळ्यांचं."

मी काकीला विचारले. भात घरात आल्यावर येईन, असे ती म्हणाली, आणि भिंत सारवायला गेरू इथूनच नेऊ, तिकडच्या मातीचा भरवसा नाही, असेही म्हणाली. मी तसे कळवले आहे. समितीचे उत्तर अद्याप यायचे आहे. हे लिहीत असताना मध्ये दोनदा फोन वाजला. दोन्ही त्याच प्रकारचे होते. ती किळस गेलेली नाही, आणि जाईल असे वाटत नाही. पान बांधणाऱ्याने मागची बाजू स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, एवढेच मी शिकलो आणि तेवढ्यासाठी हे लिहिले.

इतका वेळ देऊन आपण हे वाचलेत, त्याबद्दल आपला ऋणी आहे.

चिमण लखमा वरठा,
तलासरी नाका